तात्या आणि त्यांचा रशिया

तात्यांशेजारी कुणाच्या लग्नात जेवायला बसायचं नाही, असं मी पुष्कळदा ठरवलंय. पण साडू पडले. हिची थोरली बहीण त्यांना दिलेली, त्यामुळं पंगतीत माझं पान त्यांच्याच बाजूला. वाढपी बुंदी घेऊन आला की तात्या त्याला थांबवतात आणि मंगोलांनी रशियनांकडून किती पिढ्या खंडणी उकळली ते सांगतात. बुंदी राहते बाजूला. समोरची माणसं माझ्याकडं अशी बघतात, जसे काही मंगोल मीच बोलावले.

पुणतांब्यात तात्यांची पेरूची बाग आहे. तरुणपणी एका फिरत्या पुस्तकगाडीवर त्यांना रशियाचा जाडजूड इतिहास स्वस्तात मिळाला आणि माणूस कामातून गेला. गावात काहीही घडो, तात्यांचं ठरलेलं, "हे रशियात होऊन गेलंय." ग्रामपंचायतीला एकाच नावाचे दोन उमेदवार उभे राहिले, तर म्हणाले, तिकडं मेलेल्या राजपुत्राचं नाव सांगून एक तोतया चक्क गादीवर बसला होता. न्हाव्याकडं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक अडवून पीटर राजानं दाढीवर कर कसा बसवला ते ऐकवलं. सोसायटीच्या निवडणुकीत पॅनल फुटलं, तेव्हा बोल्शेविक कोण आणि मेन्शेविक कोण हे पारावर नावानिशी जाहीर केलं. दोन्हीकडचे लोक जाब विचारायला आले ते माझ्याकडं, राहात्याला, माझ्या दुकानात. लाजेनं मान वर होईना माझी.

त्यांचा सगळ्यात लाडका भाग भूदासांचा. जमिनीबरोबर माणसंही विकली जायची, शेवटी झारनं त्यांना मोकळं केलं, हे सांगताना त्यांचा गळा भरून यायचा. एकुलती लेक वैशू हे ऐकतच वाढली आणि डॉक्टरकी शिकायला गेली ती थेट रशियात. तात्यांनी गावभर पेढे वाटले. पण तिनं तिथल्याच मुलाशी परस्पर लग्न केलं, तेव्हा फोनवर म्हणाले, "मला इचारल्याबिगर लगीन केलंस, आता हिकडं येऊ नगंस." त्यानंतरही झार, क्रांती सगळं सांगायचे, पण भूदासांपाशी आले की घसा खाकरून पुढच्या राजावर उडी. मला वाटलं, वय झालं, विसरत असतील.

यंदा अधिक महिना आला. मागच्या अधिकात जावयाला बोलावणं गेलंच नव्हतं. या वेळी आक्कांनी, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीनं, नवऱ्याला न विचारता लेक-जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. पुरण शिजलं, पाट मांडला, गाडी दारात आली, आणि तात्या गायब.

शोधायला मला पिटाळलं. बागेत एका पेरूखाली पाठमोरे बसले होते. माझं डोकं फिरलं. म्हटलं, पोरगी एवढ्या लांबून आलीय, जावई काय मंगोल आहे का लपून बसायला?

त्यांनी वर बघितलं नाही.

"भूदासाला लगीन करायचं तर मालकाला इचारावं लागायचं," ते म्हणाले. "जनमभर त्या मालकांना शिव्या घातल्या मी. आन सोताच्या पोरीला काय म्हनलो? आता कोनच्या तोंडानं जाऊ म्होरं?"

मी भांडायला गेलो होतो, ते काही जमलं नाही. बुंदीपायी या माणसाची लाज वाटत होती मला. हाताला धरून घरी आणलं.

आमच्याकडं अधिकात सासऱ्यानं जावयाचे पाय धुवायचे असतात. जावयाला हे कुणी नीट सांगितलं नसावं. तो संकोचून परातीतून पाय मागं घेई, तात्या तो पुन्हा पुढं ओढत. दोघंही लालबुंद. पाणी ओतून झालं, पाय पुसून झाले, तरी तात्या उठेनात. परातीकडं बघतच बोलले, "वैशे, चुकलं माझं."

आक्का पदर तोंडाला लावून चुलीकडं वळल्या. वैशू तात्यांजवळ खाली जमिनीवर बसली.

"तात्या, हे रशियात होऊन गेलंय," ती म्हणाली. "याचे वडीलबी लग्नाला आले न्हाईत. लई दिवस बोलत नव्हते आमच्याशी."

तात्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. रशियाबद्दल त्यांनी कुणाला काही विचारल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं.

"मग?" त्यांनी हळूच विचारलं. "बोलले का शेवटी?"