नारबामामांचे खुंट

पायवाटेवरच्या खुंटावर आपलं प्यायचं पाणी ओतून, ते कुठं वाहतं हे उकिडवं बसून बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी रोज पाहतो. नारबामामा. किनवटच्या जंगलात रोजंदारीवर पायवाटा मोकळ्या करतात. आठवीत शाळा सोडून औशाकडून इतक्या लांब आलो, तेव्हा मला कामाला त्यांनीच लावलं, आपल्या खोलीत जागाही दिली.

फिरायला येणारे विचारतात, हे खुंट असे का कापलेत? कुठं तिरपा उतार, कुठं पटासारख्या चौकटी. एका मास्तरांना मामांनी सांगितलं, चौकटीवर माकडं सोंगट्या खेळतात. मास्तरांनी वहीत लिहून घेतलं.

खरं मला सांगितलं. जिवंत साग मोडला तर बुडाशी तिरपा कापायचा. पाणी निथळतं, बाजूनं धुमारे फुटतात. मेलेल्या खुंटावर चौकटी पाडायच्या. पाणी मुरतं, लवकर कुजतो, कुणी अडखळत नाही. "इचारून काप," हे मामांचं पालुपद. म्हणजे नखानं साल खरवडायची. आत हिरवं असेल तर जिवंत.

एकदा घाईत मी विचारलंच नाही. वावटळीनं मोडलेल्या सागावर चौकटी पाडून मोकळा झालो. मामांनी साल खरवडली. हिरवीगार.  आता जंगलखात्याचे गार्डसाहेब मला घरी पाठवणार, आणि घरी तर मी काम पक्कं झाल्याचं सांगून बसलेलो.

मामा एवढंच म्हणाले, "करवत पूस." चौकटींच्या खाली त्यांनी पुन्हा तिरपा काप घेतला. गार्डसाहेबांना सांगितलं, हात माझाच घसरला. साहेबांनी सगळ्यांसमोर टोमणा मारला, मामा, आता चष्मा घ्या. मामांनी मुंडी हलवली.

त्यानंतर मामा दुपारी भाकर खाऊन कुठंतरी गायब व्हायला लागले. माझी तक्रार तर करत नाहीत ना, म्हणून एक दिवस मागं गेलो. मामा त्या खुंटाभोवतीचं गवत उपटत होते आणि त्याला झापत होते. काय करून राहिलास, फूट की लवकर, पोरगं झोपत न्हाई.

महिनाभरानं तांबूस धुमारे दिसले. कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवलो. म्हटलं, मामा, झाड वाचलं.

"झाडं लई हायत रे जंगलात," मामा म्हणाले. "तू गेला असतास तर मी जेवताना कोनाशी भांडलो असतो?"