भिकूकाकांचा एका झुडपाचा मळा

समुद्रकाठच्या आमच्या किहीमात धुकं पाडायचं काम भिकूकाकांकडे होतं! खोटं नाही सांगत. रोज सकाळी विहिरीचं पाणी तोंडात घ्यायचे, गाल फुगवायचे आणि माडाखालच्या एका झुडपावर फुर्रर्र करून उडवायचे. मग तिथेच बसकण मारून म्हणायचे, "दमलो रे बाबा!"

झुडूप चहाचं. काका तरुणपणी निलगिरीत चहाच्या मळ्यावर कामाला गेले, तिथलीच बायको केली आणि उतारवयात तिला नि मूठभर बिया घेऊन गावी परतले. बियांतलं एवढं एकच जगलं.

"आमच्या मळ्यातली झुडपं माझ्या आज्याच्या वयाची हायत, पण उंची कमरेएवढीच! छाटायची सारखी. न्हायतर माजून झाड होतं." काकांचं हे पालुपद आम्हाला झोपेतही पाठ होतं. चहाला धुकं हवं, पाऊस हवा, पण मुळाशी पाणी तुंबलेलं चालत नाही. म्हणून काकांनी जांभ्याचे दगड आणि माती रचून उतार केला. खारा वारा लागू नये म्हणून माडाच्या विणलेल्या झापांचं कुंपण. भर उन्हात स्वतः बोडके आणि छत्री झुडपावर!

"भिकू, डोंगर कवा आणतोस?" माझे बाबा विचारायचे.

"आणला असता रे. आता पाठ न्हाय ऱ्हायली."

एकदा मी कोवळं पान खुडायला गेलो, तर केवढ्यानं ओरडले! "हात लावू नको! पहिली खुडणी तुझ्या काकीची."

काकी मळ्यावर पानं खुडायची. इथल्या घामानं आणि तापानं पार खंगली होती. खाटेवरून उठायची नाही, कुणाशी बोलायची नाही. ती उठेपर्यंत झुडूप टिकवायचं, एवढ्यासाठी काकांची सगळी धडपड!

पण त्या वैशाखात झुडूपच सुकायला लागलं. काका पाणी फुंकून फुंकून थकले. शेवटी एका सकाळी त्यांनी काकीला धरून धरून बाहेर आणलं. ती उरलेल्या कोंबांकडे नुसती बघत राहिली. आणि मग मळ्यावरच्यासारखी तिची बोटं अशी सुटली म्हणता! दोन पानं नि कळी, दोन पानं नि कळी, टचाटच! एक कोंब ठेवला नाही.

"अगो बाय, मरंल ना ते झाड!" माझी आई कुंपणापलीकडून ओरडली.

काका उपरणं पसरून पानं झेलत होते. मान वर न करता म्हणाले, "गप ऱ्हा, वयनी. हात बघ तिचा, कसा चालतोय!"