स्वयंपाकघरात उघडलेली खिडकी

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सासूबाईंना आपल्याच घराचे जिने परके झाले. आता त्या मुलाकडेच राहणार होत्या. स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीत त्यांची सोय करायचं ठरलं आणि खोलीचा नकाशा काढायचं काम सुनेने हौसेने अंगावर घेतलं. “आईंना अडगळीत टाकल्यासारखं वाटता कामा नये, बागेकडे मोठी खिडकी हवी,” असं तिने नवऱ्याला बजावलं आणि घराचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवून घेतलं.

“बघा आई, किती सोपं आहे! इथे टिचकी मारायची, ओढायचं, की भिंत तयार.”

सासूबाईंचा जन्म शिवणकामात गेलेला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“छान आहे गं भिंत. पण जरा कललीय. दमली असेल बिचारी.”

सुनेने कोन मोजला. खरंच, काटकोनाला अर्धा अंश कमी! तिने भिंत सरळ केली, तशी बाथरूमची भिंत तिरकी झाली. ती सरळ केली, तर स्वयंपाकघराचा पतंग झाला.

“एवढ्याशा तिरकेपणाने काय बिघडतंय?” नवरा जाता जाता म्हणाला.

“तू ऑफिसला जा!”

शेवटी तिला एक बटण सापडलं. ते दाबलं की प्रत्येक वस्तू जवळची रेघ शोधून आपोआप तिला सरळ चिकटायची. सुनेला हायसं वाटलं. पण त्या वस्तूंना चिकटायचा भारीच सोस! पलंग शेगडीला चिकटला. कपाट दारात आडवं उभं राहिलं. एकेकाला ओढून काढता काढता तिचे डोळे दुखायला लागले. अखेर सगळ्या रेघा शिस्तीत उभ्या राहिल्या. तिने सासूबाईंना नकाशा दाखवला.

“आता?”

“आता अगदी सरळ,” सासूबाई म्हणाल्या. नकाशा गवंड्याला गेला.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी सून कामावरून आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. ओट्यावर धूळ होती आणि ओट्यावरच्या भिंतीला खिडकीएवढं भोक. भोकातून आईंची खोली दिसत होती. बागेकडची भिंत मात्र होती तशीच.

“अहो, हे काय केलंत?”

“नकाशात आहे तसंच केलंय, ताई,” गवंडी म्हणाला. “एक सूतही इकडचं तिकडे नाही.”

तिने नकाशा उघडला. बागेकडची खिडकी मधल्या भिंतीला जाऊन चिकटली होती, तीही अगदी सरळ. रेघांच्या नादात ती कुठे आहे हे तिने पाहिलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

“मला त्यांना बाग दाखवायची होती हो. आता त्या काय बघणार, खरकटी भांडी?”

“मलाही जरा विचित्र वाटलं. तुमचा फोन लागेना, म्हणून आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, नकाशा बरोबर आहे, फोडा.”

सून तडक हॉलमध्ये गेली. सासूबाई सोफ्यावर पाय लांब करून बसल्या होत्या.

“आई, तुमच्या लक्षात आलं नाही?”

“न यायला काय झालं? नकाशा दाखवलास तेव्हाच आलं.”

“मग बोलला का नाहीत?”

सासूबाईंनी पायावरचं पांघरूण उगाच सारखं केलं. “तिकडे एकटी होते ना गं, दिवसभर भिंतीशी बोलायचे. म्हटलं, ही भिंत फुटली तर पलीकडून उत्तर तरी येईल.”

सून त्यांच्या शेजारी बसली.

तेवढ्यात नवरा आला. आत जाऊन भोक बघून आला.

“काळजी करू नका, गवंड्याला उद्याच बुजवायला सांगतो.”

“हात तर लावून बघ!” दोघी एकदम म्हणाल्या.

बागेकडेही खिडकी झाली. पण सासूबाईंची खुर्ची मधल्या खिडकीशीच असायची. सुनेचे हात ओट्यावर चालायचे आणि तोंड खिडकीत. ऑफिसातल्या कुरबुरी, नवऱ्याच्या तक्रारी, सगळं पलीकडे जायचं.

महिन्याभराने त्या खिडकीला आतून पडदा लागला.

“आई, माझं काही चुकलं का?”

“चुकलं काही नाही, पण पोरी, तू फार बोलतेस गं! रविवारी तरी दुपारी जरा डोळा लागू दे.”

पडदा सर्रकन ओढला गेला. सून हिरमुसून भांडी लावत राहिली. जरा वेळाने पडद्याचा कोपरा हलला.

“मग? काय म्हणाली ती तुझी साहेबीण?”