बॅटरीचं पाणी

दामूअण्णा बॅटरीचं पाणी पीत. हे मी ऐकीव सांगत नाही, चार वर्षं डोळ्यांनी पाहिलं आहे. मोटारीच्या बॅटरीत अधूनमधून पाणी घालावं लागतं आणि ते विहिरीचं चालत नाही. म्हणून अण्णा पावसाळ्यात आमच्या दवाखान्याच्या अंगणात चिनीमातीच्या बरण्या मांडत, तोंडाला मलमल बांधत आणि थेट आभाळातलं पाणी धरत. त्यातलं बाटलीभर कायम त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत असे. बॅटरीला लागलं तर बॅटरीला, तहान लागली तर स्वतःला.

कुणाच्या घरी गेले आणि घरच्यांनी तांब्या-भांडं पुढे केलं, की अण्णा पिशवी थोपटत. "माझं आहे बरोबर. जे बॅटरीला सोसतं ते मला सोसतं." जेवायचे सगळीकडे, सत्यनारायणाचा प्रसाद दोनदा मागून घ्यायचे, पण पाण्याला शिवायचे नाहीत. लोक आधी रागावले, मग हसले, मग सवयीचे झाले.

आमचे डॉक्टर एकदा म्हणाले, "अण्णा, तुमचं पोट आहे की मोटार?"

"पोटच आहे. मोटार इतकी कटकट करत नाही."

चौकीदार रामसिंग दवाखान्यात आलेल्या नव्या माणसाला बजावून ठेवी, "अन्नासाब का ढक्कन मत खोलना भिया, झटका लगता है."

मी देवासच्या जनाना दवाखान्यात नर्स होते. मुख्य काम सुईणीचं. आसपासच्या खेड्यांतून बोलावणी येत, म्हणून एका सरदारांनी आपली जुनी मोटार दवाखान्याला दान दिली. जर्मनीच्या लढाईआधीची गाडी. का दान दिली ते आठवड्यात कळलं. चालता चालता तिची बॅटरी रिती होई आणि गाडी भर रस्त्यात मान टाकी. देवासात तेव्हा दोन राजे आणि दोन कारभार होते, आणि बाजाराचा रस्ता दोघांत वाटलेला. आमची मोटार बंद पडायची ती नेमकी त्या रस्त्यावर. मग थोरल्या पातीची माणसं एका बाजूनं आणि धाकट्या पातीची दुसऱ्या बाजूनं सल्ले देत. धक्का द्यायला मात्र कुणी हद्द ओलांडत नसे.

गाडीबरोबर सरदारांनी दामूअण्णाही दिले. चालवायचे तेच, दुरुस्त करायचे तेच. पन्नाशीचे, विधुर, काळी टोपी, धोतराला वंगणाचे डाग. माझ्याशी बोलत ते फक्त काट्याबद्दल. गाडीच्या फळीवर एक काटा होता. तो उजवीकडे गेला की बॅटरी भरते आहे, डावीकडे गेला की रिती होते आहे. अण्णा रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत. दोन म्हशी आणि एक सोनार त्यामुळे थोडक्यात वाचले.

"अण्णा, समोर बघा."

"समोर काय आहे, बाई? रस्ता. तो कुठे जातोय? आधी काटा."

बिघाड शोधायचा त्यांचा एक क्रम होता आणि तो ते स्तोत्रासारखा म्हणत: टोकं, पट्टा, कार्बन, डबी. आधी बॅटरीची टोकं सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायची. मग वीज तयार करणाऱ्या डायनामोचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघायचा, पेरभर ढील हवी. मग डायनामोतले कार्बनचे तुकडे झिजले का ते बघायचं. शेवटी पत्र्याची डबी, तिला कटआऊट म्हणतात. तिच्यात दोन ठिपके असतात. डायनामो जोरात फिरू लागला की ते एकमेकांना चिकटतात आणि वीज बॅटरीत जाते. इंदूरच्या एका कारागिरानं गाडी बघून सरळ सांगितलं की डायनामो मुंबईला पाठवा. अण्णांनी क्रम धरला आणि पहिल्याच पायरीवर एक सैल तार सापडली. कारागीर म्हणाला, "नसीब." अण्णा म्हणाले, "टोकं."

दुरुस्ती झाली की ते गाडीची परीक्षा घेत, आणि परीक्षा धारलाच होई. साठ मैल जायचं, साठ मैल यायचं. मी विचारलं, उज्जैन जवळ पडतं, तिकडे का नाही? "तिकडे चढ नाही, बाई. चढावर काटा खोटं बोलत नाही." वर्षातून सात-आठ वेळा काटा असा धारपर्यंत तपासला जाई. डॉक्टर कुरकुरत, पण गाडी चालायची, म्हणून गप्प बसत.

त्या वर्षी खंडेनवमीला अण्णांनी मोटारीची पूजा केली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं-अवजारं पूजेत ठेवतात आणि कुणी हात लावत नाही. अण्णांचे पाने, पकडी, काचकागदाचे तुकडे पाटावर मांडलेले होते. दरवर्षी ते गाडीच्या तोंडाला हार घालून मोकळे होत. त्या वर्षी सकाळभर गाडीशी होते. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मिरवणुकीत मोटार दिवे लावून मुंगीच्या पावलानं फिरली. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या दाराशी आले. हातात धारहून आलेली तार होती.

"बाई, धारला यावं लागेल. पेशंट आहे. दोन दिवस झाले, सुटका नाही. तिथली दाई हात टेकून बसलीय."

डॉक्टरांची परवानगी घेतली, पेटी उचलली आणि बसले. अण्णांनी इंदूर ओलांडलं. बेटम्याच्या पुढे चढ लागला आणि त्यांनी गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

"काटा निघाल्यापासून डावीकडेच आहे. कालच्या दिव्यांनी बॅटरी आधीच अर्धी झालेली. धारपर्यंत पुरायची नाही."

"चालेल तितकी चालवा. पुढचं पुढे बघू."

"पुढे जंगलात बघायचं त्यापेक्षा इथे बघतो." त्यांनी बाटलीतल्या पाण्यात सोडा कालवला.

मला संताप आला. "अण्णा, तिकडे बाई अडलीय. एकदम ती डबी उघडा ना."

"तुम्ही अडलेल्या बाईपाशी गेलात की आधी काय करता?"

"हात धुते."

"मग?"

"नाडी बघते."

"मग मला टोकं धुऊ द्या."

टोकं धुतली. पट्टा दाबला, पेरभर ढील. कार्बन काढून बघितले, नीट होते. त्यांनी एक पायरी गाळली नाही. शेवटी त्यांनी डबीचं झाकण काढलं आणि तसेच उभे राहिले.

मी वाकून पाहिलं. दोन्ही ठिपक्यांवर कुंकू होतं. तुपात कालवलेलं, चांगलं बोटभर, सुकून घट्ट बसलेलं. डायनामो फिरला की ठिपके जवळ येत, पण मधे कुंकू होतं. वीज जाणार कुठून?

"हा गाढवपणा कुणी केला?"

"मी," अण्णा म्हणाले. "यंदा पूजा आतूनही केली. सगळी झाकणं काढून."

"तुम्ही? तुम्हाला कळत नाही?"

"कळतं." ते पेट्रोलात भिजवलेल्या चिंधीनं ठिपके पुसू लागले. "पेशंट माझी वेणू आहे, बाई. मुलगी. म्हटलं, यंदा काही सुटायला नको."

चार वर्षांत मला त्यांना मुलगी आहे हे माहीत नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी बाईमाणूस नाही, म्हणून ती सासरीच राहिली होती.

काचकागद फिरवला, झाकण बसवलं, हँडल मारलं. काटा उजवीकडे गेला. अण्णांनी त्या दिवशी पहिल्यांदा काट्याकडे न बघता गाडी चालवली.

धारला गल्लीत गाडी थांबली तेव्हा शेजारची बाई ओट्यावरून म्हणाली, "वेणू, तुझे काट्यावाले अण्णा आले ग." म्हणजे ही गाडी इथे सगळ्यांच्या ओळखीची होती. मी आत गेले. अण्णा बाहेर राहिले, बॉनेट उघडून.

दोन तास लागले. वेणू वाचली. मुलगा होता, पुऱ्या दिवसांचा, पण जिवंत नव्हता. मी त्याला पुसून फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला, हात धुतले आणि अण्णांना सांगायला बाहेर आले.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझ्या त्या डबीत किती वेळ गेला?"

"चाळीस मिनिटं."

"त्या चाळीस मिनिटांत..."

"मूल कालच पोटात गेलं होतं. कातडीवरून कळतं. तुम्ही उडत आला असता तरी ते गेलेलंच होतं. वेणू मात्र आपण पोचलो म्हणून राहिली." हे खरं होतं म्हणून सांगितलं. खोटं सांगायची मला सवय नाही.

त्यांनी मान हलवली आणि पिशवीतून बाटली काढली. ती रिकामी होती. पाणी बेटम्याच्या चढावर टोकं धुण्यात संपलं होतं. त्यांनी ती पुन्हा पिशवीत ठेवली. ऊन कडक होतं. सकाळपासून त्यांनी काही घेतलं नव्हतं.

आत आले तर वेणू क्षीण आवाजात म्हणाली, "अण्णांना बसायला सांगा. पाण्याचं विचारू नका, ते कुठेच पीत नाहीत, फक्त बाटलीतलं. माझं लग्न झाल्यापासून हे वेड लागलंय त्यांना."

लग्न होऊन चार वर्षं झाली होती. आमच्या लोकांत मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी पाणीसुद्धा घेत नाही. सगळे पाळतात, त्यात नवल नाही. पण या माणसानं तेव्हापासून कुणाच्याच घरचं पाणी घेतलं नव्हतं; का, तर बापानं नाकारलं ते एकट्या तिच्याच घरचं, असं व्हायला नको. आणि चार वर्षं आम्ही त्यांचं ढक्कन, त्यांचं पोट, त्यांची मोटार म्हणून हसत होतो.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडं मागितलं. वेणूच्या सासूबाई चांगल्या होत्या, रडून डोळे सुजले होते. त्या अडखळल्या. "व्याह्यांना? पण बाई, मूल तर राहिलं नाही. मग झालं असं धरायचं का?"

"नऊ महिने पोटात होतं. मी या हातांनी घेतलं. झालं असंच धरायचं."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग स्वतः घडा वाकवून फुलपात्र भरलं आणि माझ्या हातात दिलं.

मी बाहेर जाऊन ते अण्णांपुढे धरलं. "वेणूच्या घरचं आहे. तिच्या सासूबाईंनी दिलंय. मूल झालंय, अण्णा."

अण्णांनी दोन्ही हातांनी फुलपात्र घेतलं आणि पाण्यात बघितलं.

"विहिरीचं दिसतंय," ते म्हणाले. "बॅटरीला चालायचं नाही."

आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. रिकामं फुलपात्र त्यांनी खाली ठेवलं नाही, माझ्यापुढे केलं.

"अजून आहे का?"