गणपुले सरांच्या शिळ्या बातम्या

महायुद्ध संपून वर्ष उलटलं होतं, तरी सांगलीच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या खोलीत ते जोरात चालू होतं. एका सकाळी गणपुले सर चष्मा कपाळावर ढकलून ओरडले, "जाधव, रंगून पडलं!"

"सर, पडून परत घेऊनही झालं. आमचा दादा फौजेत तिथंच होता. आता पलूसला उसाला पाणी पाजतोय."

"असं? मला कुणी बोललं नाही."

बोलणार कोण? सर माणसांत कमी आणि गवतात जास्त असत. गवत वाळवायचं म्हणजे ते कागदांत पसरून दोन फळ्यांमध्ये आवळायचं आणि सकाळ-संध्याकाळ कागद बदलायचे. युद्धात टिपकागद मिळेना, म्हणून सरांनी रद्दीतली वर्तमानपत्रं वापरायला काढली. कागद बदलता बदलता ते बातम्या वाचत. त्यामुळे त्यांचं जग आमच्यापेक्षा दोन-चार वर्षं मागून चालायचं. ताजा अंक ते हातात धरत नसत. म्हणत, "ओला असतो हो. शाईचा दमटपणा गवताला सोसत नाही." स्वातंत्र्य मिळालं ते मात्र त्यांना वेळेवर कळलं, कारण कॉलेजला कुलूप होतं.

"कागद बदला" हे त्यांचं सगळ्यावरचं औषध. पोरगं नापास झालं? कागद बदला. बायको बोलत नाही? कागद बदला, सकाळ-संध्याकाळ. याचा अर्थ काय, हे विचारायची सोय नव्हती. संस्कृतच्या प्राध्यापकांनी एकदा विचारलं, तर सरांनी त्यांना बुरशीवर पाऊण तास ऐकवलं.

सरांना बायको-मुलं नव्हती. प्रयोगशाळेमागच्या खोलीत ते, एक स्टोव्ह आणि गवताचे गठ्ठे एवढाच संसार. विद्यापीठाच्या डॉक्टरेटसाठी ते माणदेशातल्या गवतांवर प्रबंध लिहीत होते. अकरा वर्षं. मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर, ऊसवाल्या घरातला पहिला बी.एस्सी. सुट्टीत त्यांच्या मागून आटपाडीची माळरानं तुडवायची, हेही माझं काम.

तिथं बिरू नावाचा म्हातारा मेंढपाळ आम्हांला दर वर्षी भेटे. सर भिंग लावून पालथे पडलेले बघून तो एकदा म्हणाला, "आवं मास्तर, आमची मेंढरं ह्येच गवात खाऊन लोकर देत्यात. तुमी एवढं गोळा करताय, तुमाला काय येतंय?"

"डिग्री येईल."

"कवा?"

"अजून आली नाही."

"मग खाऊन बघा की गड्या. नुसतं हुंगून काय हुतंय!"

सर तासभर हसत होते. आणि त्याच दुपारी एका उतारावर त्यांना ते सापडलं. तांबूस तुऱ्याचं, वीतभर. कोणत्याच पुस्तकात नसलेलं. दोन काड्या उपटल्या, खूण म्हणून दगड रचला आणि सर मागं वळले, तोवर बिरूच्या मेंढरांनी उरलेला सगळा ठोंब संपवला होता. जगात त्या गवताचा पुरावा म्हणजे सरांच्या हातातल्या दोन काड्या.

"जाधव," सर म्हणाले, "प्रबंध झाला."

आता पुढचं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दोनच दिवसांनी सरांना प्रबंधाच्या कामासाठी मुंबईला जावं लागलं. जाताना दारातून तीनदा परत येऊन म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ. विसरू नका." मी मान हलवली. तेवढ्यात पलूसहून निरोप आला: फौजेतून आल्यावर दादाची पहिलीच कुस्ती, मैदान परवा. मी गेलो. दादानं कुस्ती मारली, मिरवणूक निघाली, आणि मी चार दिवस राहिलो.

परत येऊन फळ्या सोडल्या, तर कागदाला काळी बुरशी आणि आत चिखल. हाताला आलं ते मी बंबात टाकलं. मग नदीच्या घाटावरून तसंच दिसणारं एक गवत आणलं, वाळवलं आणि सरांनी आटपाडीचं ठिकाण नि तारीख लिहून ठेवलेल्या चिठ्ठीखाली चिकटवून ठेवलं.

सर आले. भिंगातून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "बरं वाळलंय." एवढंच.

प्रबंध गेला. डिग्रीही आली. पण नव्या गवताचं प्रकरण त्यात नव्हतं. स्टाफरूममध्ये टवाळी सुरू झाली. "काय गणपुले, नवं गवत मेंढरांनी खाल्लं, का तुम्हीच?" सर शांतपणे म्हणत, "माझी नजर चुकली. जुनंच होतं." मी कोपऱ्यात चहाच्या कपात बघत बसे. नंतर दर पावसाळ्यात ते मला घेऊन त्या उतारावर जात. दगड होता. गवत पुन्हा उगवलं नाही. बिरू म्हणे, "मास्तर, आमी लय खाल्लं व्हय तुमचं?" माझ्यानं मान वर होत नसे.

आणि दोन वर्षांनी एका सकाळी सर ओरडले, "अहो जाधव, पलूसच्या मैदानात फौजेतून आलेल्या हणमंत जाधवांनी कुस्ती मारली! तुमचेच ना हे दादा?"

माझ्या हातातली फळी खाली पडली. सरांनी अंकाच्या माथ्यावरची तारीख बघितली. चिठ्ठीवर तारीख घातल्याशिवाय काडीही न ठेवणारा माणूस तो.

"मग सांगायचं नाही का?" ते म्हणाले. "मी चार दिवसांनी गेलो असतो मुंबईला." मग चष्मा पुसत, "नाहीतर आलोच असतो तुमच्याबरोबर. मला कुस्तीला कुणी कधी नेलं नाही." आणि स्टूल ओढून, "बसा. कसा डाव टाकला दादांनी? पहिल्यापासून सांगा."

मी सांगितलं. पकडीपासून गुलालापर्यंत सगळं. गवताचं तेवढं सांगितलं नाही.

सर गेले, आणि गठ्ठे माझ्याकडे आले. तेव्हा मी स्वतः पन्नाशीत पोचलो होतो. मी चिकटवलेल्या गवताचा तो कागद शेवटी उघडला. जुनी आटपाडीची चिठ्ठी काढून टाकलेली होती. नवी सरांच्या बारीक अक्षरात: 'सांगली, नदीचा घाट. गोळा करणारा: जाधव.' खाली तारीख. ते मुंबईहून परत आले, त्याच दिवसाची.

वाळलेल्या गवताला कागद बदलावा लागत नाही. त्या दिवशी मी बदलला. सकाळीही, संध्याकाळीही.