बिलोलीच्या नटीचं परीक्षण

नटी खरंच काम करते आहे की पाठ केलेली वाक्यं फेकते आहे, हे मला दोन मिनिटांत कळतं! नांदेडच्या एका दैनिकात मी टीव्ही मालिकांवर लिहिते. त्यात कोर्टाची मालिका असली, तर माझ्या हातून कुणाची सुटका नाही. माझे वडील, अप्पा, उदगीरला वकील होते. जेवताना ते टीव्हीवरच्या वकिलांची उलटतपासणी घ्यायचे. "अरे, साक्षीदाराला बोलू तर दे!" असं ते ओरडले की आमच्या हातातला घास हातातच राहायचा.

अप्पा गेले त्याला अजून महिना व्हायचा होता. मी उदगीरलाच होते. तिथं आमचे संपादक दयानंद सर यांचा फोन आला.

"मंजुषाताई, वेळ वाईट आहे, कळतंय मला. पण त्या नव्या मालिकेत वकील झालेली सुकन्या आपल्या बिलोलीची आहे. पोरीचं पहिलंच काम. जरा सांभाळून लिहा."

"मी कुणाला सांभाळत नसते, सर!"

अडचण एकच होती. घरातलं माणूस गेलं की आमच्या गल्लीत महिनाभर त्या घरी टीव्ही लागत नाही. आमच्या टीव्हीवर अव्वानं, म्हणजे आईनं, अप्पांचा पंचा टाकून ठेवला होता. अव्वा फारशी बोलत नव्हती. तिच्याबद्दल मात्र सगळे बोलत होते. माझा भाऊ राजशेखरअण्णा तिला लातूरला स्वतःच्या घरी नेणार होता. महिन्याची पूजा झाली की इथल्या घराला कुलूप! अव्वा त्यावर नुसतं "हूं" म्हणायची. ते हो होतं की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

संध्याकाळी अण्णा पूजेचं ठरवायला आमच्या जंगमस्वामींकडे, म्हणजे आम्हा लिंगायतांच्या गुरूंकडे, गेला. मी दार लोटलं, पंचा उचलला, टीव्ही लावला आणि घर हादरलं! अप्पांना कमी ऐकू यायचं. त्यांनी ठेवलेला आवाज तसाच राहिला होता. मी रिमोटवर झडप घातली, पण अव्वानं तो आधीच पदराखाली घेतला होता.

"असू दे. त्यांनी ठेवलेला हाय."

मग असू दिला.

पडद्यावर सुकन्या काळा कोट घालून उभी होती. मुलांनी आईला घराबाहेर काढल्याचा खटला. मी गुण कापायला सुरुवात केली. कोट थोरल्या बहिणीचा मागून आणल्यासारखा. हात तर असे फिरत होते, जणू गच्चीवरच्या पापडांवरून कावळे हाकलते आहे! "या माउलीचे पती आज असते, तर—" एवढं म्हणून ती मधेच थांबली. तोंड उघडं, नजर जमिनीवर. संवाद विसरली! आणि हे तसंच दाखवलं! मग एकदम कडाडली, "सख्ख्या आईला घराबाहेर काढताना लाज नाही वाटली?" समोरचा वकीलही तिच्या वरचढ ओरडायला लागला.

"साक्षीदाराला बोलू तर दे की गं!"

मी वळून पाहिलं. हे अव्वा म्हणाली होती.

भिंतीपलीकडे काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. शेजारच्या शिवम्माकाकूंनी हा आरडाओरडा ऐकला. टीव्ही असेल अशी शंकाही त्यांना आली नाही. आमच्या घरात टीव्ही लागेलच कसा? त्यांनी गुंडप्पाकाकांना, अप्पांच्या धाकट्या भावाला, फोन लावला. "मंजू अन् राजशेखरचं लई जोरात लागलंय! लवकर या!"

काकांनी लगेच अण्णाला फोन केला. "भांडू नका रे लेकरांनो!"

"काका, मी तर स्वामींकडं हाय."

"मंग ती कुणाशी भांडून राहिली? गड्याचा आवाज बी येऊन राहिला म्हणं!"

मग काकांच्या डोक्यात उजेड पडला. "राजशेखर, तिनं नांदेडहून वकील आणला रे!"

जाहिराती संपून मालिका पुन्हा सुरू होते तोच आमचं दार धाडकन उघडलं. पुढे काका, मागे अण्णा, त्याच्यामागे भस्म लावलेले स्वामी आणि सर्वांत शेवटी शिवम्माकाकू, तळणाचा झारा हातात तसाच!

"कुठंय वकील?" काका गरजले.

अव्वानं पडद्यावरची नजर न काढता बोट दाखवलं. "ती काय. बिलोलीची हाय."

काकांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तरातरा जाऊन टीव्हीची पिनच उपटली. "सुतकाच्या घरात टीव्ही!"

"आपल्यात सुतक नसतं, गुंडप्पा," स्वामी म्हणाले.

"मंग महिनाभर बंद कशापायी ठेवतात?"

"ठेवताना मला कुणी इचारलं होतं का?" स्वामी सतरंजीवर टेकले. "लावा ते पुन्हा. निकाल लागायचा हाय अजून."

शिवम्माकाकूंनी तोंडावर पदर धरला. मलाही हसू आलं. अण्णा हसला नाही.

"तू वकील आणशील, हे मला खरं वाटलं बघ मंजू," तो म्हणाला. "मी तिला घराबाहेर काढून राहिलो का? एकटी कशी राहील ती?"

माझं उत्तर तयार होतं. आयुष्यभर पुस्तकं वाचलेली बाई मी, मुद्देसूद बोलते. "अण्णा, अप्पा असते तर—" एवढं म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य मला माहीत होतं. ते बाहेर येईना. तोंड उघडं, नजर फरशीवर.

ती पोरगी संवाद विसरली नव्हती.

तेव्हा अव्वा बोलली. "मला इचारा की कुणीतरी."

"बोल, अव्वा," अण्णा म्हणाला.

"मी इथंच राहते. बसल्या बसल्या तोंडातून 'अहो' निघतं माझ्या. तुझ्या घरी निघालं तर तुझी लेकरं भ्यायची. इथं कुणी भेत न्हाई."

अण्णा तिच्या पायाशी बसला. मग म्हणाला, "रोज फोन करशील?"

"तू कर. मी का करू? लेकरू तू हायेस का मी?"

काकांनी गुपचूप पिन पुन्हा खोचली, पण तोवर मालिका संपली होती. लेख लिहायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला आले. दुपारी अव्वाचा फोन.

"राहिलेलं आत्ता पुन्हा दाखवलं, बघितलं मी. पोरगी जिंकली. लई चांगलं केलं तिनं. मी म्हणलं, अहो, बघा, जिंकली."



"मग?" मी विचारलं.

"मग काय. जाहिराती लागल्या."

संध्याकाळी मी लेख पाठवला. "उत्तरार्धात सुकन्याचा अभिनय विशेष खुलतो," असं त्यात ठणकावून लिहिलं. दयानंद सरांचा लगेच फोन. "ताई, तुम्ही चक्क कौतुक केलंत! किती बारकाईनं बघता हो तुम्ही!"

"बघावं लागतं, सर," मी म्हणाले.

तो उत्तरार्ध मी अजूनही पाहिलेला नाही!