शिडाचं पोट

कापडातलं आपल्याला कळत नाही असं जगात काही नाही, असा बाबांचा ठाम दावा होता! एकतीस वर्षं ते पडदे शिवत होते. शाळा, दवाखाने, दोन नाट्यगृहं... त्यांच्या हातचा पडदा कधी बोटभरही वाकडा लटकला नव्हता.

लेक मात्र वाऱ्याच्या नादी लागली होती. फळीवर शीड उभं करून पाण्यावरून सुसाट सुटायचं, हाच तिचा व्यवसाय. उन्हाळ्यात दोन स्पर्धांच्या मध्ये ती पाच आठवडे घरी यायची, म्हणजे जेवायला आणि झोपायला. बाकी सगळा वेळ तलावावर.

पुढच्या स्पर्धेला नऊ दिवस उरले आणि तिचं खास स्पर्धेचं शीड हातभर उसवलं. नवीन यायला तीन आठवडे!

"दे इकडे," बाबा म्हणाले.

"बाबा, हा पडदा नाही."

"कापड ते कापड!"

"बरं. पण उसवलंय तेवढंच शिवा. बाकी कुठे हात लावू नका हं!"

बाबांनी शीड दुकानात पसरलं. ते एवढं मोठं, की आई पलीकडच्या कोपऱ्यात तासभर अडकून पडली! शिवण झाली आणि बाबांनी शीड उचलून पाहिलं. मधोमध हा एवढा फुगा! सातही जोड वाकडे!

"अगं, हे कापणाऱ्यानं डोळे मिटून कापलंय! आणि आपली पोर असल्या मालावर शर्यती मारतेय?"

"अहो, ती नको म्हणालीय ना?"

"तिला काय कळतंय त्यातलं!"

दोन दिवस खपून बाबांनी प्रत्येक जोडाला चुण्या घातल्या आणि शीड इस्त्री केल्यासारखं सपाट केलं. मग शाबासकी घ्यायला स्वतः तलावावर गेले. जन्मात पहिल्यांदा!

लेक फळीवर उभी राहिली. शीड उभं राहिलं. आणि सगळं तिथल्या तिथेच उभं राहिलं! शेजारून एक बदक आरामात पुढे निघून गेलं.

"शिवण मात्र सुरेख हो!" काठावरचा जीवरक्षक म्हणाला.

लेक परत आली.

"आज वारा नाही वाटतं?" बाबांनी विचारलं. नेमकी तेव्हाच जीवरक्षकाची टोपी उडून तलावात पडली.

"बाबा, शिडाचं पोट कुठे गेलं?"

"काढून टाकलं की!"

ती ओरडली नाही. एक जुनं शीड फळीला जोडून म्हणाली, "आता बघा."

आणि ती सुटली! शीड टम्म फुगलं, फळी पाण्यावरून उचलली गेली. लेक मागे इतकी झुकली की तिची वेणी पाण्याला टेकली. ही काल ताटातली भाजी टाकून उठणारी पोर? वळताना तिनं अख्खं शीड असं सहज फिरवलं, जसं कोणी वहीचं पान उलटावं. सबंध तलाव पार करून ती परत आली, तेव्हा बाबांनी तिचे तळवे हातात घेतले. घट्टे! कात्रीनं त्यांच्या अंगठ्याला पडलेल्या घट्ट्याहून टणक.

"त्या पोटात वारा भरतो, बाबा. तोच मला नेतो."

"नऊ वर्षं हे करतेयस आणि मी एकदाही आलो नाही," बाबा पुटपुटले.

दुकान चार दिवस बंद राहिलं. बाबांनी एकेक टाका उसवला, सुईच्या भोकांवर पट्ट्या चिकटवल्या आणि सातही जोड होते तसे वाकडे केले. आयुष्यात पहिल्यांदा मन लावून वाकडं शिवलं! स्पर्धेच्या आदल्या दिवशी लेकीनं शीड चालवून पाहिलं आणि काठावर येऊन बाबांना ओल्या अंगानंच मिठी मारली.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी फोन आला.

"बाबा, दुसरी आले! बेचाळीस जणींत!"

"आणि... शिवण?"

"एक टाका हलला नाही! खरं तर शेवटच्या वळणापर्यंत मीच पुढे होते."

"मग गं?"

"वर मान करून जरा शिवण बघत बसले हो! तेवढ्यात मागची एकजण गेली पुढे."

"काय झालं? पहिली का नाही आली?" आईनं मागून विचारलं.

बाबांनी फोनवर हात ठेवला.

"वारा पडला गं," ते म्हणाले.